ब्रिसलनोज मासा : सफाईवाला नव्हे, घरातला एक

बैठकीच्या खोलीत एक काचेची मत्स्यपेटी असावी, तीत चार रंगीत मासे विहरत असावेत, आणि दिवसभराच्या दगदगीनंतर घरातील लहानथोरांनी तिच्यासमोर घटकाभर बसावे, ही हौस मोठी निर्मळ आहे. परंतु महिना-दोन महिन्यांत काचेवर हिरवे शेवाळ चढू लागते. मग दुकानदाराकडून सल्ला मिळतो, “एक सकर मासा सोडा, काच आपोआप साफ राहील.” आपण तो मासा आणतो, टाकीत सोडतो आणि निश्चिंत होतो. खरी काळजी तेथूनच सुरू व्हावयास हवी.

‘सकर’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे मासे विकले जातात. एक ब्रिसलनोज. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ रुडोल्फ क्नेर यांनी १८५४ साली या प्रजातीचे वर्णन केले. मूळ रहिवास दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. आपल्याकडील शिंगाळा व मांगूर यांच्याप्रमाणे हाही मार्जारमीनांच्या गणातला. त्याची वाढ साधारणतः १० ते १५ सेंटिमीटरांवर थांबते. दुसरा सेलफिन प्लेको. लहानपणी तोही बोटभरच दिसतो. मात्र पुढे ४० सेंटिमीटरांहूनही लांब होतो. तेव्हा खरेदी करतानाच नीट पारख करावी. प्लेकोच्या पाठीवरचा पर शिडासारखा उंच व रुंद असतो. ब्रिसलनोजचा पर आखूड आणि डोके चपटे, रुंद असते. वयात आलेल्या ब्रिसलनोज नराच्या नाकाडावर मांसल, फांद्या फुटलेले तंतू उगवतात. मादीला ते नसतात किंवा ओठांच्या कडेपुरते आखूड असतात.

ही पारख महत्त्वाची का, हे जयलक्ष्मीपुरमच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको. वस्तीपासून जवळच, मानसगंगोत्रीच्या पलीकडे, कुक्करहळ्ळीचा तलाव आहे. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत तो बांधला गेला. आज झोळीवाले पक्षी आणि पाणकावळे तेथे आश्रय घेतात. टाकीत न मावणारा प्लेको ‘जीव तरी वाचेल’ अशा दयाबुद्धीने तलावात सोडण्याचा मोह कित्येकांना होतो. ती दया नव्हे. केरळातील जलाशयांत आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात हा मासा ठाण मांडून बसला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही तो आढळला. अंगावर हाडांचे कवच असल्याने त्याला खाणारे थोडे. तो देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो आणि विणीसाठी काठाच्या मातीत बिळे करून बांध पोखरतो. घरात नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या स्नेह्याला द्यावा. तळ्यात मात्र कदापि सोडू नये. हाच नियम ब्रिसलनोजलाही लागू आहे.

आता घरातल्या व्यवस्थेकडे वळू. एका ब्रिसलनोजला निदान ८० ते १०० लिटर पाण्याची टाकी हवी. नवी टाकी भरली त्याच दिवशी मासा सोडणे म्हणजे त्याला विषारी पाण्यात ढकलणे होय. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइटात आणि मग त्यामानाने सौम्य अशा नायट्रेटात रूपांतर करतात. हे जंतू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यांची पैदास मासा आणण्यापूर्वीच करून घ्यावी. त्यासाठी एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील गाळणीचा थोडा स्पंज मिळाल्यास उत्तम. गाळणी नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने ते जंतू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच ती खळबळून घ्यावी.

म्हैसूरला कावेरी व कबिनी या नद्यांचे पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून पुरविले जाते. म्हणून दर आठवड्यास टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलताना नवे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवावे अथवा त्यात क्लोरीननाशक औषध घालावे. पाण्याची उष्णता २२ ते २७ अंश सेल्सिअस असावी. म्हैसूरची हवा एरवी सौम्य. तथापि थंडीच्या पहाटे गारठा जाणवतो, तेव्हा एक लहान तापक कामी येतो. वीज गेल्यास पेल्याने पाणी वर उचलून पुन्हा ओतीत राहावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. प्राणवायू कमी पडला तर हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषून घेतो. तो वरचेवर असे करू लागला, तर ती धोक्याची सूचना समजावी.

सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या आहाराविषयी आहे. ‘तो शेवाळ आणि उरलेसुरले खाऊन जगतो’ असे मानले जाते, आणि काच लख्ख झाल्यावर हा कामसू मासा उपासमारीने मरतो. तो निशाचर आहे. दिवा मालवल्यावर त्याच्यासाठी वेगळे वाढावे : काकडीची चकती, उकळत्या पाण्यात मऊ केलेला पालक किंवा दोडका, आणि आठवड्यातून दोन-तीनदा शेवाळाची वडी. भाजी तेलामिठाची नसावी. फवारणीचा अंश जाण्यासाठी ती नीट धुवावी. सकाळी उरलेला तुकडा काढून टाकावा, नाहीतर तोच पाणी नासवतो. टाकीत लाकडाचा एक ओंडका अवश्य ठेवावा. तो खरवडीत राहण्याची या माशाला आवड असते. मासा काचेला चिकटला की त्याचे पोट पाहावे. ते किंचित भरलेले असावे. आत खपाटीला गेले असेल, तर तो उपाशी आहे.

लपावयास जागा, मग ती मातीची फुटकी कुंडी का असेना, द्यावीच. अशाच गुहेत मादी नारिंगी अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे सारे संगोपन बाप करतो. पाच-सहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, तो परांनी अंड्यांना वारा घालीत बसतो, गुहेच्या तोंडाशी पहारा देतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत फारसा बाहेर पडत नाही. नराच्या नाकाडावरील तंतू पिल्लांसारखे दिसतात आणि म्हणून मादी त्याला चांगला पालक समजते, असे काही शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. या दिवसांत टाकी हलवू नये, हात घालू नये. मुलांना दुरून पाहू द्यावे. जबाबदारी म्हणजे काय, हे त्यांना न बोलता कळेल.

नीट सांभाळला, तर हा मासा दहा वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे आज पहिलीत असलेले आपले मूल शाळा सोडेपर्यंत तो घरात असेल. दुकानातून पिशवी घरी आणण्यापूर्वी एवढा हिशेब मनाशी करावा. आणि तो जुळत असेल, तरच त्याला आणावे.