महाविद्यालयीन उपयोजनासाठी मुक्तस्रोत रिलेशनल डेटाबेसची निवड : एक विवेचन

गोषवारा :

प्रवेश, शुल्क किंवा अंतर्गत गुण यांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर तयार करताना कोणता मुक्तस्रोत डेटाबेस निवडावा, हा प्रश्न बहुधा वेग आणि लोकप्रियता यांच्या आधारे सोडवला जातो. चुकीची अथवा परस्परविरोधी नोंद समोर आल्यावर डेटाबेस काय करतो, हा निकष त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : रिलेशनल डेटाबेस, मुक्तस्रोत, माहितीची अचूकता, व्यवहार, लिपी.

प्रस्तावना :

आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. माहिती तक्त्यांच्या स्वरूपात असावी, तक्त्यांमधील संबंध मूल्यांवरूनच व्यक्त व्हावेत आणि माहिती यंत्रात कोठे साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याला नसावी, हे त्याचे सार होय. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, विषयांचा दुसरा, गुणांचा तिसरा आणि त्यांना जोडणारा आसन क्रमांक, हे त्याचे आपल्या परिचयाचे रूप आहे.

मुक्तस्रोत डेटाबेसचा सोर्स कोड सर्वांना उपलब्ध असतो आणि त्याच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. अनुदानाची मर्यादा असणाऱ्या महाविद्यालयास हे सोयीचे आहे. मात्र सर्वच पर्याय विनामूल्य असल्यामुळे किंमत हा निवडीचा निकष उरत नाही. मग निवड कशाच्या आधारे करावी? येथे चुकीची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते, म्हणून या प्रश्नाचा काटेकोर विचार आवश्यक ठरतो.

प्रमुख पर्याय :

१) पोस्टग्रेएसक्यूएल : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून ही प्रणाली विकसित झाली. १९९६ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिची मालकी कोणत्याही एका कंपनीकडे नाही.

२) मायएसक्यूएल आणि मारियाडीबी : मायएसक्यूएलचा उगम १९९५ मध्ये स्वीडनमध्ये झाला. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणि २०१० मध्ये सनसह ओरॅकलने ती ताब्यात घेतली. या हस्तांतरणाच्या काळातच, २००९ मध्ये, मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली.

३) एसक्यूलाइट : रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेली ही प्रणाली सर्व माहिती एकाच फाइलमध्ये ठेवते. तिला वेगळा सर्व्हर लागत नाही. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत ती असतेच.

निवडीच्या कसोट्या :

१) चुकीच्या प्रकारची नोंद : गुणांचा स्तंभ पूर्णांकाचा आहे आणि लिपिकाने त्यात ‘गैरहजर’ असे टंकित केले, असे समजू. पोस्टग्रेएसक्यूएल ही नोंद नाकारते. मायएसक्यूएल शिथिल पद्धतीने चालवल्यास तेथे शून्य नोंदवते आणि केवळ एक सूचना देते. ती सूचना उपयोजनाने दाखवली नाही तर कोणाच्याही लक्षात येत नाही. एसक्यूलाइट तो शब्द जसाच्या तसा ठेवते, पण सरासरी काढताना त्याला शून्य मानते. गैरहजर विद्यार्थी आणि शून्य गुण मिळवणारा विद्यार्थी यांत परीक्षा विभागाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. ते अंतर असे नकळत पुसले जाते.

मायएसक्यूएलने २०१५ मधील ५.७ या आवृत्तीपासून आणि मारियाडीबीने २०१७ मधील १०.२ या आवृत्तीपासून काटेकोर पद्धत मूलभूत केली. तथापि, ती बंद करता येते आणि जुने उपयोजन चालावे म्हणून अनेकदा बंद केलीही जाते. एसक्यूलाइटनेही २०२१ पासून काटेकोर तक्त्यांची सोय दिली आहे, परंतु ती प्रत्येक तक्त्यासाठी मागावी लागते.

२) मर्यादेबाहेरील मूल्य : ७८ ऐवजी ७८० असे टंकित झाले, तर काय होईल? मायएसक्यूएलमधील सर्वांत लहान पूर्णांक प्रकारात १२७ पर्यंतचीच संख्या मावते. त्यामुळे शिथिल पद्धतीत तेथे १२७ नोंदवले जातात. पोस्टग्रेएसक्यूएलचा लहान पूर्णांक ३२,७६७ पर्यंत जातो, म्हणून तेथे ७८० ही संख्या सहज स्वीकारली जाते. याचा अर्थ असा की, निव्वळ प्रणाली निवडून भागत नाही. गुण ० ते १०० याच मर्यादेत असावेत, हा नियम तक्त्यातच लिहावा लागतो. येथे एक सूक्ष्म भेद आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या असा नियम वाचत असत, पण पाळत नसत. २०१९ मधील ८.०.१६ या आवृत्तीपासून तो प्रत्यक्ष पाळला जाऊ लागला.

३) एकाच वेळी होणाऱ्या नोंदी : प्रवेशाची एकच जागा शिल्लक आहे आणि दोन खिडक्यांवरील दोन लिपिक एकाच क्षणी ती पाहतात. दोघांनाही ‘शिल्लक १’ असे दिसते आणि दोघेही प्रवेश देतात. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल यांपैकी कोणतीही प्रणाली हे आपोआप रोखेलच असे नाही. जागा वाचतानाच त्या नोंदीला कुलूप लावावे लागते किंवा ‘शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एक वजा करा’ अशी एकच आज्ञा द्यावी लागते. दोन्ही प्रणालींत याची सोय आहे. अट एवढीच की मायएसक्यूएलचा तक्ता इनोडीबी प्रकारचा असावा. २०१० पूर्वी मूलभूत असणाऱ्या मायआयसॅम प्रकारात व्यवहाराची संकल्पनाच नाही. शुल्क जमा झाले आणि प्रवेशाची नोंद होण्यापूर्वी वीज गेली, तर काम अर्धवट राहते. जुने तक्ते स्वतः बदलल्याखेरीज त्याच प्रकारात राहतात, हे ध्यानात ठेवावे.

एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देते. एकट्या विभागाच्या नोंदींसाठी ते पुरेसे आहे. परंतु तिची फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेक संगणकांवरून लिहिणे धोक्याचे आहे, कारण तेथे फाइलचे कुलूप भरवशाचे नसते.

४) लिपी : देवनागरीतील नावे ही आपली दैनंदिन गरज आहे. मायएसक्यूएलची मूलभूत वर्णमाला २०१८ पर्यंत लॅटिन होती. शिथिल पद्धतीत तिच्यात देवनागरी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटत. तिची ‘यूटीएफ८’ या नावाची जुनी व्यवस्था प्रत्येक वर्णाला कमाल ३ बाइट देते. देवनागरीला तेवढे पुरतात. मात्र २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या वर्णांना ४ बाइट लागतात. इतिहास विभागाला मोडी कागदपत्रांची सूची मूळ लिपीत करावयाची असल्यास ‘यूटीएफ८एमबी४’ हीच व्यवस्था निवडावी लागेल. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांच्या यूटीएफ-८ मध्ये ही मर्यादा नाही.

५) देखभाल : तयार सॉफ्टवेअर घेतल्यास निवड बरीचशी आधीच झालेली असते. ग्रंथालयासाठीचे कोहा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालते, डीस्पेसला पोस्टग्रेएसक्यूएल लागते, तर मूडल या सर्वांवर चालते. स्वतंत्र उपयोजनाच्या बाबतीत मात्र प्रणाली सांभाळणारी व्यक्ती कोण, हे आधी ठरवावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बदललेल्या नोंदींच्या जुन्या प्रती साफ होत आहेत ना, यावर लक्ष ठेवावे लागते. कोणत्याही प्रणालीत बॅकअप घेणे पुरेसे नसून त्यातून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहणे आवश्यक असते.

निष्कर्ष :

१) एकाच संगणकावरील, एका विभागापुरत्या नोंदींसाठी एसक्यूलाइट योग्य आहे, मात्र काटेकोर तक्ते वापरावेत.

२) गुण, प्रवेश आणि शुल्क यांसारख्या, विद्यार्थ्याचे हित थेट गुंतलेल्या नव्या उपयोजनासाठी पोस्टग्रेएसक्यूएलला प्राधान्य द्यावे, कारण नियम शिथिल करण्याच्या वाटा तेथे कमी आहेत.

३) मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीची जाणकार व्यक्ती उपलब्ध असल्यास त्या प्रणालीही पूर्णतः सक्षम आहेत, परंतु काटेकोर पद्धत, इनोडीबी आणि चार बाइटांची वर्णव्यवस्था या तीन बाबी तपासूनच काम सुरू करावे.

४) अंतिम निर्णयापूर्वी प्रत्येक पर्यायात ‘गैरहजर’, ‘७८०’ आणि शेवटच्या जागेसाठी एकाच वेळी दोन प्रवेश, अशा चुकीच्या नोंदी मुद्दाम करून पाहाव्यात. यास एक दुपार पुरते.

समारोप :

गुणपत्रिका छापून हाती पडल्यावर तिच्यातील शून्य हे परीक्षकाने दिले की यंत्राने, हे विद्यार्थी ओळखू शकत नाही. ते ओळखण्याची आणि टाळण्याची जबाबदारी प्रणाली निवडणाऱ्यांची आहे. म्हणून डेटाबेसची निवड केवळ संगणक विभागावर न सोपवता परीक्षा विभाग, कार्यालय आणि ग्रंथालय यांनी आपापल्या नोंदींतील संभाव्य चुकांची यादी घेऊन या निर्णयात सहभागी होणे उचित ठरेल.