कमी करण्याचं यंत्र

चेन्नईच्या उत्तरेला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोर आहे. मिठागरं, कोळ्यांच्या वस्त्या आणि त्यांच्या मध्येच कोळशावर चालणारी वीजकेंद्रं. एन्नोरचं पहिलं केंद्र १९७०चं, ४५० मेगावॉटचं; ते २०१७ मध्ये बंद झालं. शेजारच्या वल्लूरचं १५०० मेगावॉटचं केंद्र आणि अत्तिपट्टूचं नॉर्थ चेन्नई केंद्र चालू आहेत. कोळसा उतरवायला २००१ साली बंदरही झालं. अशा केंद्रांतली टर्बाइनं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०, आणि म्हणून आपल्या घरातली वीजही सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. आता बेस गिटार घ्या. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवून तार छेडली की जो ‘जी’ वाजतो, त्याची कंपनसंख्या ४९ हर्ट्झ.

अंतर एका हर्ट्झचं. मांडवात अर्थिंग धड नसलं, किंवा गिटारची केबल विजेच्या वायरीला चिकटून गेली, की स्पीकरमधून जी घरघर सुरू होते ती याच पन्नासची आणि तिच्या पटीतली, शंभरची, दीडशेची. साउंडवाल्याचा हात मग रॅकमधल्या ग्राफिक इक्वलायझरकडे जातो. ५० लिहिलेला स्लायडर खाली येतो, घरघर मंदावते आणि बेसवाल्याचा ‘जी’ही पोकळ होतो. वीज कुठली आणि वादक कुठला, हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. खरा उपाय अर्थिंगचा असतो, पण कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असताना अर्थिंगच्या मागे कोण लागणार?

हे यंत्र दिसायला साधं. रुंदी १९ इंच, कारण रॅकचा मापदंडच तो; उंची एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच, किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट. दर्शनी बाजूला उभे स्लायडर ओळीने, २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत. एकतीस पट्ट्यांच्या यंत्रात प्रत्येक सप्तकाचे तीन भाग केलेले असतात. म्हणून आकडे ऐकायला विचित्र वाटतात: ६३, ८०, १००, १२५, १६०. दर स्लायडरने आपापल्या भागातला आवाज साधारण १२ डेसिबल वर किंवा खाली नेता येतो. मधल्या खाचेत ठेवला की तो भाग आहे तसा जातो.

गिटारवाल्यांसाठी हे यंत्र जन्मलं नाही. टेलिफोनच्या लांब तारांमधून जाताना आवाजातली वरची कंपनं गळायची, ती भरून काढायला इक्वलायझर आले. तिथून ते चित्रपटांच्या ध्वनीत शिरले. सिनेमा इंजिनिअरिंग या अमेरिकी कंपनीत आर्ट डेव्हिस यांनी ‘७०८०’ हे यंत्र बनवलं. त्यात सहा पट्ट्या होत्या आणि एकेका डेसिबलच्या पायऱ्यांनी सरकणारे खटके होते. आज ज्याला आपण ग्राफिक म्हणतो त्याचा ओळखीचा चेहरा तिथे पहिल्यांदा दिसतो. १९५८ मध्ये वेन रुडमोस यांनी डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर उद्घोषणा नीट ऐकू याव्यात म्हणून इमारतीच्या घुमण्याप्रमाणे आवाज घडवून पाहिला. टेक्ससमध्येच सी. पी. बोनर यांनी सभागृहांतली शिट्टी, म्हणजे फीडबॅक, नेमक्या कंपनांवर कापून काढण्याचं शास्त्र पुढे नेलं. १९६७ मध्ये याच डेव्हिस यांनी आल्टेक लॅन्सिंगसाठी सप्तकाच्या तिसऱ्या हिश्शावर चालणारा संच तयार केला. तो फक्त कमी करायचा. वाढवायची सोयच त्यात नव्हती. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांना ते कापायलाच हवं होतं. वर ढकलायची हौस नंतरची.

सुरुवातीच्या यंत्रांत तारेची वेटोळी, म्हणजे इंडक्टर, असायची. ती जड, महाग आणि आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर स्वतःच पकडणारी. ऑप-अँप स्वस्त झाल्यावर दोन रोध, एक कपॅसिटर आणि एक चिप यांच्यातून वेटोळ्याचं सोंग वठवता येऊ लागलं, आणि एकतीस पट्ट्यांचा डबा गल्लीतल्या मंडपवाल्याला परवडू लागला. मोठ्या मैफलींत ब्रिटनच्या क्लार्क टेक्निकचं ‘डीएन ३६०’ वर्षानुवर्षं मानाने बसलं होतं, दोन चॅनेल, प्रत्येकी तीस पट्ट्या. आपल्याकडच्या भाड्याच्या रॅकमध्ये ‘डीबीएक्स’चं ‘२३१’ किंवा त्याच्यासारखं काही दिसायचं.

स्लायडरांची रांग पाहून आवाजाचा आलेखच समोर मांडलाय असं वाटतं. ते पूर्ण खरं नाही. एक पट्टी हलली की शेजारच्या दोन्ही बाजूंचा आवाजही थोडा हलतो. जुन्या बनावटीच्या यंत्रांत स्लायडर जरासाच हलवला तर परिणाम फार रुंद पसरतो आणि टोकाला नेला तरच तो निमुळता होतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेन कंपनीच्या डेनिस बोन यांनी रुंदी कायम राहील अशी रचना बाजारात आणली, तेव्हा डोळ्यांना दिसणारं आणि कानांना ऐकू येणारं थोडं जवळ आलं. तरीही शेजारशेजारचे चार स्लायडर तीन-तीन डेसिबल उचलले की बेरीज तीनवर थांबत नाही. ज्याला हे माहीत नाही तो डोळ्यांनी इक्वलायझर करतो, आणि अशी माणसं साउंडच्या धंद्यात बरीच आहेत.

गिटारची सगळ्यात खालची खुली तार ८२ हर्ट्झवर वाजते. गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या पुढे झपाट्याने मुका होतो. म्हणजे ८०च्या खालचे सहा आणि ६,३००च्या वरचे पाच, असे एकतीसपैकी अकरा स्लायडर गिटारच्या फारसे कामाचे नाहीत. खालचे सहा सरळ तळाला न्यावेत. तिथे गिटार नसते, पाय आपटल्याचे धक्के आणि घरघर असते. उरलेल्या विसांतच सगळं घडतं. २०० ते ३१५ फुगलं की आवाज बोदा होतो. ४०० ते ५००चा भाग जास्त झाला की गिटार खोक्यात कोंबल्यासारखी येते. ८०० ते १,०००ला नाकातला सूर लागतो. २,००० ते ३,१५०मध्ये धार असते, आणि तीच जास्त झाली तर टोचणी होते.

बेसची गंमत वेगळी. खुली ‘ई’ ४१ हर्ट्झ, पाच तारांच्या बेसची ‘बी’ ३१ च्या आसपास. नवखा माणूस ‘बेस कमी येतोय’ म्हणत ४०चा स्लायडर दहा डेसिबल वर ढकलतो. दहा डेसिबल म्हणजे त्या कंपनांसाठी अँपकडे दहापट ताकदीची मागणी. स्पीकरचा कोन पुढेमागे हापसतो, अँपचा लाल दिवा लागतो आणि बेस काही वाढत नाही. आपल्या कानाची एक खोड इथे उपयोगी पडते: मूळ सूर गळला तरी त्याच्या वरचे पटीतले सूर शाबूत असले तर कान मूळ सूर स्वतः भरून काढतो. १९७६ पासून इळयराजांच्या चित्रपटगीतांतल्या बेसच्या हालत्या ओळी लोकांनी हाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर ऐकल्या आणि लक्षात ठेवल्या, ते याच कारणाने शक्य झालं. त्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं अशक्यच. म्हणून जाणता बेसवादक ८० ते १६० नीट राखतो, २५०चा गाळ काढतो, आणि बोटांचा गुरगुराट हवा असेल तर ८००ला थोडं उचलतो. इंग्लंडच्या ट्रेस एलियटने ‘जीपी ११’ या प्रीअँपमध्ये बेससाठीच मुद्दाम निवडलेल्या अकरा पट्ट्या दिल्या होत्या. सगळ्या एकतीस कशाला, हा हिशेब त्यांना बरोबर कळला होता.

यंत्र कुठे जोडायचं, हा प्रश्न स्लायडरांपेक्षा मोठा आहे. गिटारची केबल थेट रॅकच्या इक्वलायझरमध्ये घातली तर पिकअपवर भार येतो आणि वरचे सूर मरतात. तो डबा लाइन पातळीच्या संदेशासाठी केलेला असतो. त्याची जागा अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये, प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मध्ये. डिस्टॉर्शनच्या आधी ८००ची पट्टी उचलली तर तो भाग जास्त फाटतो, आवाजाचा पोतच बदलतो. डिस्टॉर्शननंतर तीच पट्टी उचलली तर फाटलेल्या आवाजाचा फक्त रंग बदलतो. मेसा बुगीच्या ‘मार्क’ मालिकेतल्या अँपवर ८०, २४०, ७५०, २,२०० आणि ६,६०० असे पाच स्लायडर असतात, आणि ते प्रीअँपच्या नंतर येतात. दोन्ही टोकं वर, ७५० खाली, असा ‘व्ही’ त्यावर मांडला की १९८०च्या दशकातला धातुमय आवाज तयार. मेटॅलिकाच्या १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मागे याच घराण्याचा ‘मार्क टू सी प्लस’ होता.

हा ‘व्ही’ मोठी फसवणूक करतो. घरी एकट्याने वाजवताना गिटार भव्य वाटते. बँडमध्ये उभं राहिलं की खालचा भाग बेस आणि किकने खाल्लेला असतो, वरचा झांजांनी, आणि आपण आपल्याच हाताने जो मध्य कापला तिथेच तर गिटारचं घर होतं. गिटारवाला मग आवाज वाढवतो आणि भांडण सुरू होतं.

उत्तर चेन्नईत हे भांडण वेगळ्या पातळीवर जातं. गाना हा तिथल्या कष्टकरी वस्त्यांचा, मर्तिकाला आणि लग्नाला गायला जाणारा प्रकार, ढोलकीच्या आधाराने. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार टेन्मा यांनी उभा केलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा संच ६ जानेवारी २०१८ला चेन्नईच्या किलपॉकमध्ये पहिल्यांदा मंचावर आला. नाव जातिविरोधी विचारवंत अयोथी दास यांच्या ‘जात नसलेले तमिळ’ या जुन्या मांडणीवरून घेतलेलं. गाना गायक, रॅपर, परई, सट्टी, ढोलकी ही तालवाद्यं आणि त्यांच्या सोबत इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम.

अशा संचात गिटारने सवयीचा रुबाब दाखवला तर परई मरते. परई म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं, एक जाड आखूड काठी आणि एक बारीक लांब. आपल्या हलगीची सख्खी बहीण. तिचं अंग दोनशे-चारशेच्या आसपास आणि काठीचा कडाका दोन-चार हजारांत. नेमक्या त्याच दोन जागा गिटारलाही हव्या असतात. साउंडवाल्याने गिटारचे २५० आणि २,५०० हे भाग तीन-चार डेसिबल उतरवले तर गिटार लहान होते, पण परई उभी राहते, आणि गाणाऱ्याचे शब्द ऐकू येतात. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा हा व्यवहार: प्रत्येकाने थोडं सरकायचं. आणि अशा गाण्यात शब्द ऐकू आले नाहीत तर बाकी सगळ्याला काय अर्थ?

परईची आणखी एक अडचण हलगीवाल्याला सांगायला नको. कातडं शेकून ताणलेलं असतं. समुद्राच्या दमट हवेत ते तासाभरात उतरतं, स्वर खाली येतो आणि संध्याकाळी साउंडचेकला लावलेले स्लायडर रात्री चुकीचे ठरतात. पुन्हा शेकोटी, पुन्हा स्लायडर. जो साउंडवाला एकदा लावून चहा प्यायला जातो त्याच्या कार्यक्रमात हे ऐकू येतंच.

एकाच पट्टीच्या टोचणीचं मुंबईकरांना घरचं उदाहरण आहे: बँजो पार्टी. ज्याला आपण बँजो म्हणतो तो खरा बुलबुल तरंग. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोयात बनवलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज, कळा दाबून वाजवायचा. आपण त्याला पिकअप लावला, अँपला जोडला आणि गणपतीच्या मिरवणुकीत उतरवला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर केला. पोलादी तारा आणि भोंगा यांची युती अडीच-तीन हजारांवर अक्षरशः कानात खिळे ठोकते. तिथे एक स्लायडर सहा डेसिबल खाली आला तर रस्त्याकडेची म्हातारी माणसं दुवा देतील. पण तो खाली यावा असं पार्टीला वाटत नाही, कारण टोचणं हाच तिचा बाणा. याबाबत मी पार्टीच्या बाजूने आहे, पण रात्री आठपर्यंतच.

एन्नोर असो की अलिबाग, खारा वारा या यंत्राचा वैरी. स्लायडरच्या आतली पट्टी आणि तिच्यावर घासणारं पातं यांवर धूळ आणि मीठ बसलं की हलवताना करकर येते, मग मधूनच आवाज गायब. वरच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा आणि स्लायडर वीसेक वेळा वरखाली करायचा. चहाचा थेंब पडला तर मात्र काही खरं नाही. जुनं यंत्र घेताना म्हणून गाणं लावून प्रत्येक स्लायडर हलवून पाहावा, मधली खाच लागते का बघावी, आणि बायपासचं बटण दाबून आवाजाची पातळी तीच राहते का ते ऐकावं.

जुनं यंत्र आता मिळतंही भरपूर. २०१२ मध्ये बेरिंजरचा ‘एक्स ३२’ आला आणि एकतीस पट्ट्या मिक्सरच्या पोटात गेल्या. बटण दाबलं की मिक्सरचेच फेडर ग्राफिकचे स्लायडर होतात. मीठ नाही, करकर नाही, केबलही नाही. गिटारवाल्यांकडे मात्र त्याचं धाकटं रूप टिकलं. बॉसचं ‘जीई-७’ हे पेडल १९८१ पासून बनतंय: १०० ते ६,४०० हर्ट्झच्या सात पट्ट्या आणि आठवा स्लायडर एकूण आवाजाचा. बरेच वादक ते रंग बदलायला वापरतच नाहीत. ८००ची पट्टी वर, आठवा स्लायडर वर, आणि सोलो आला की पाय. साउंडवाल्याने तासभर खपून जेवढं कमी केलेलं असतं, तेवढं गिटारवाला सोळा मात्रांसाठी परत घेतो.