पट्टीवरची प्रत्येक उंच लाट फिटची नसते

गंगाखेड-जिंतूरकडून फिटच्या रुग्णाला ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतले विद्युत्-तरंग टिपणाऱ्या तपासणीसाठी, परभणीला किंवा नांदेडला नेतात आणि पट्टी हातात आली की घरचे आधी मोठ्या लाटा शोधतात. रेघ जितकी हलली तितका आजार मोठा, हा समज फार घट्ट आहे, आणि तो चुकीचा आहे. मेंदूतले विद्युत्-तरंग कवटीबाहेर येईपर्यंत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टच उरतात. पापणीच्या एका उघडझापेने त्याहून मोठी लाट उमटू शकते. डोळा म्हणजे एक छोटी बॅटरीच: पुढचं पारपटल धन, मागचं दृष्टिपटल त्या मानाने ऋण. पापणी मिटली की हा धनभार कपाळावरच्या दोन इलेक्ट्रोडांना जाणवतो आणि तिथली रेघ खोल खाली जाते, कारण ईईजीत धन खाली दाखवायची रीत आहे. नजर डावीकडे वळली तर डाव्या कानशिलापुढे धन आणि उजवीकडे त्याच क्षणी ऋण दिसतं. शंका उरलीच तर डोळ्याखाली एक जादा इलेक्ट्रोड लावावा. डोळ्याच्या वर धन आणि खाली ऋण आलं, तर लाट डोळ्याची. दोन्हीकडे चिन्ह एकच असेल, तर ती मेंदूतून आल्याची शक्यता धरून पुढे तपासायचं. इतकी साधी खूण असताना पापणीच्या लाटेपायी कुणाला वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या लागाव्यात, हे मला सहन होण्यासारखं वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, रुग्णाला डोळे मिटायला सांगा, प्रश्न संपला. पण मिटल्या पापणीआडही बुबुळं फिरतात आणि डुलकी लागताना तर संथपणे इकडून तिकडे जातात. मशीनमधला फिल्टर हे काढून टाकेल, हाही भरवसा नको. उघडझापेच्या लाटा बहुतेक सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांच्या असतात आणि मेंदूच्या आजारातल्या मंद लाटाही तिथेच असतात. फिल्टर लावला तर दोन्ही जातात. संगणक आता घटक वेगळे करून दाखवतो खरा, तरी कुठला घटक डोळ्याचा हे जाणत्या माणसाने पाहावंच लागतं. परभणीच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा घामानेही रेघ संथपणे डोलते. म्हणून खोली थंड हवी, केस धुतलेले आणि बिनतेलाचे हवेत, आणि तंत्रज्ञाने ‘डोळे उघडले’, ‘मिटले’, ‘झोप लागली’ अशा नोंदी त्या-त्या क्षणी करायला हव्यात. उलट बाजूही तितकीच खरी आहे: पट्टी स्वच्छ आली म्हणून फिटचा आजार नाही, असं ठरत नाही. डॉक्टरांना झटक्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा; निदानात त्याचं वजन मोठं असतं.