गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट फॅन का लावायचा नाही?

मागच्या पावसाळ्यात आमच्या फ्लॅटवर घडलेली गोष्ट. रूममेटने दूध तापत ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत रील्स बघत बसला. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस मात्र चालूच राहिला. वास आल्यावर तो धावत किचनमध्ये गेला आणि हात सरळ एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे! मी ओरडलो म्हणून थांबला. "अरे, वास बाहेर नको का जायला?" लॉजिक बरोबर वाटतं ना? पण इथे तेच अंगाशी आलं असतं.

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्ही हवेपेक्षा साधारण दीड ते दोन पट जड. त्यामुळे गळलेला गॅस फरशीवर पसरतो, ओट्याखाली, ट्रॉलीत साचतो. भिंतीवर उंच बसवलेल्या फॅनला तो नीट ओढता येत नाही. शिवाय बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. ती रोजच पडते, आपल्याला दिसत नाही एवढंच. हवेत सुमारे 2 टक्के एलपीजी मिसळला असेल तर तेवढी ठिणगी पुरते. म्हणून चालू असलेला लाइटसुद्धा बंद करायचा नाही, कारण बंद करतानाही ठिणगी पडते.

मग करायचं काय? शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा, बाल्कनीचं दार आधी, कारण गॅस खालून बाहेर जातो. सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि मगच फोन काढा. 1906 ही एलपीजी गळतीची हेल्पलाइन आहे, 24 तास चालू. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तुमच्याकडे पाइपने येणारा गॅस असेल तर तो मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणजे छताकडे जातो. बटणांचा नियम मात्र तोच.

खरं तर हा प्रकार शेगडीलाच थांबवता येतो. काही मॉडेल्समध्ये फ्लेम फेल्युअर डिव्हाइस असतं. ज्योतीजवळ एक थर्मोकपल असतं. ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक छोटा इलेक्ट्रोमॅग्नेट गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होतं आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर. (आमच्या कोडमध्ये एवढं साधं फेल-सेफ क्वचितच सापडतं!) नवीन शेगडी घेताना काचेच्या रंगाआधी हे विचारा.

केकसाठी ओटीजी घेतला असेल तर एक छोटं गणित. 2000 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 9 अँपिअर. मोबाइल चार्जरचं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. त्यामुळे ओटीजी 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड नको.

त्या दिवशी सगळं शांत झाल्यावर आम्ही गॅसची केशरी नळी तपासली. नळीवर वर्ष छापलेलं असतं आणि ती 5 वर्षांनी बदलायची असते. आमची मुदत कधीच उलटून गेली होती. घरमालकांना फोटो पाठवला, त्यांचा फक्त अंगठा आला. नळी शेवटी आम्हीच बदलून घेतली.