शुक्रवारची टकटक

दर शुक्रवारी संध्याकाळी बरोबर साडेपाचला आमच्या घरात टकटक होते. पहिले काही आठवडे मी दार उघडायला उठत असे. आवाज सूनबाईच्या लॅपटॉपमधून येतो, हे मागाहून कळले. तिच्या कंपनीतली माणसे ‘स्लॅक’वर एकमेकांशी बोलतात. तिथे तिच्या गटातल्या तेरा जणांना त्या वेळी विचारणा जाते : आठवडा कसा गेला? काही अडचण?

विचारते कोण? कुणीच नाही.

‘‘एकदा बसवून दिलं, बाबा. मग आपलं आपण चालतं,’’ सूनबाई म्हणाली आणि तिने मला दाखवलेही. २०१९ पासून स्लॅकमध्ये ‘वर्कफ्लो बिल्डर’ नावाची सोय आहे. पहिली तारीख आणि वेळ द्यायची; रोज, आठवड्याला की महिन्याला, ते सांगायचे. मग पुढच्या पायऱ्या : गटात निरोप टाक, सोबत फॉर्म दे, उत्तरे तक्त्यात भर. प्रोग्रामिंग यायला नको. दसऱ्याची सुट्टी मात्र त्याला आपणहून कळत नाही. सणादिवशीही टकटक होतेच! न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला बांधलेला निरोप पुण्यात उन्हाळ्यात साडेसहाला येतो आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसातला.

मला हसू आले. अहो, हे तर आमचे एस.आय. रजिस्टर! स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स. अमुक तारखेला अमुक खात्यातून विम्याचा हप्ता, तमुक तारखेला आईला पैसे. रोज सकाळी रजिस्टर उघडायचे, व्हाउचर करायचे, सही करायची.

आणि विसरायचेही. १९८९ साली एका शिक्षकांचा वार्षिक हप्ता माझ्या हातून राहिला. दहा तारीख रविवारी आली, सोमवारी मी रजेवर. पान उलटले ते उलटलेच. सवलतीचे दिवस संपले, पॉलिसी बंद पडली. मास्तर ओरडले असते तर बरे वाटले असते. ‘‘तुमच्यावर सोडलं होतं, साहेब,’’ एवढेच म्हणाले. यंत्राने ती चूक केली नसती, हे मान्य करायलाच हवे.

पण त्याच शाखेत आमचा एक कारकून होता. मुंबईच्या गिरणीतल्या मुलाचे पैसे दरमहा आईच्या खात्यात तो जमा करी. एकदा व्हाउचर लिहिता लिहिता थांबला. ‘‘साहेब, म्हातारीनं तीन महिने काढलेच नाहीत.’’ शिपायाला घरी पाठवले. बाई पाय मोडून पडल्या होत्या. मुलाला कळवू नका, म्हणून शेजाऱ्यांना बजावले होते. आम्ही कळवले. असे करावे, असे रजिस्टरात कुठे लिहिलेले नव्हते.

ही हकिगत सांगितली तेव्हा सूनबाई गप्प झाली. मग म्हणाली, तिच्या गटातला एक मुलगा सात शुक्रवार ‘ठीक’ लिहीत होता आणि आठव्या शुक्रवारी त्याने राजीनामा दिला. वडील इस्पितळात होते. सातही ‘ठीक’ तक्त्यात एकाखाली एक नीट भरलेले. उघडून पाहिले नव्हते कुणी, तिनेही.

टकटक तिने बंद केलेली नाही. फक्त उत्तरे आता तक्त्याबरोबर नावानिशी तिच्याकडे येतात. गेल्या शुक्रवारी ती वाचत होती. मग तिने फोन उचलला, नागपूरच्या एका मुलीला लावला.

‘‘ठीक म्हणजे कसं गं?’’

बोलणे लांबणार असे दिसले. मी चहा टाकायला उठलो.