कांदा टिकतो तो मानेवर!

आज कोडिंगला सुट्टी. मी पारनेर तालुक्यातला, त्यामुळे कांद्यावर एक भाग होणारच होता.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलच्या सुमाराला निघतो. सगळ्यांचाच माल एकदम बाजारात आला की भाव बसतो. ज्याचा कांदा चाळीत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत टिकतो, त्याला निदान थांबायची सोय असते. आणि तो टिकणार का, हे बरंचसं काढणीनंतरच्या पहिल्या 15-20 दिवसांत ठरतं.

आता एक गैरसमज. कांदा सुकवायचा म्हणजे आतून कोरडा करायचा नाही. आत 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि ते तिथंच राहायला हवं. सुकवायची ती मान आणि वरची साल. मान म्हणजे पात आणि कांदा जिथं जुळतात तो भाग. ती ओली राहिली की बुरशी, जिवाणू तिथूनच आत शिरतात. वाळून मिटली की दार बंद!

म्हणून काढणीआधी साधारण 2 आठवडे पाणी तोडायचं. निम्म्याहून जास्त माना पडल्या की कांदा काढायचा आणि 3 ते 5 दिवस पातीसकट शेतातच ठेवायचा. एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीनं झाकायचे, नाहीतर उन्हानं भाजतात. पात लगेच का कापायची नाही? कारण वाळता वाळता पातीतला अन्नरस आणि कोंब रोखून धरणारी द्रव्यं कांद्यात उतरतात.

मग मानेला पीळ देऊन, इंचभर मान ठेवून पात कापायची. अगदी बुडाशी कापली, तर दार आपणच उघडं ठेवलं. त्यानंतर 10-12 दिवस सावलीत, हवेशीर जागी.

वाणाचाही हात असतोच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-2-4-1 साठवणीसाठी ओळखला जातो. चाळीलाही खालून हवा हवी, आणि ढीग 4-5 फुटांच्या वर नको. पण ओल्या मानेचा कांदा चांगल्या चाळीतही सडतो, वर शेजारच्यालाही सडवतो.

तर, चाळ भरायच्या आधी दहा-वीस कांदे उचला, मान दोन बोटांत दाबा. मऊ, ओलसर लागली? अजून दोन दिवस थांबा. घाई आत्ता केली, तर तिचा वास श्रावणात येतो!