परदेशी मशीनवरचा कर: गेला किती, वळता किती

पिशव्या सील करायचं मशीन चीनहून मागवलं तर स्वस्त पडतं, असं गटांच्या बैठकीत आमच्या कानावर येतं. किंमत सगळ्याजणी सांगतात, बंदरावर भरायच्या कराचं कुणी काढत नाही. आज तेवढंच बोलू.

परदेशातला विकणारा आपला जीएसटी लावत नाही. तो कर न्हावा शेवासारख्या बंदरावर कस्टम खातं घेतं. त्याचं नाव आयजीएसटी. तो भरल्याशिवाय माल सुटत नाही.

हिशेब मांडू. मशीन, जहाजभाडं आणि विमा मिळून 1,00,000 रुपये. सीमाशुल्क साडेसात टक्के धरलं तर 7,500. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 750. बेरीज 1,08,250. आता 18 टक्के आयजीएसटी लागतो तो या बेरजेवर, नुसत्या लाखावर नाही. तो झाला 19,485. लाखाचं मशीन बंदराबाहेर येईतो 1,27,735 ला पडलं. एजंटची फी आणि टेम्पोभाडं वेगळंच! दर मशीनप्रमाणे बदलतात, म्हणून मागवण्याआधीच कस्टम एजंटकडून लिहून घ्या.

यातले शुल्क-अधिभाराचे 8,250 गेले ते गेले. पण 19,485 वळते करून घेता येतात. गट मसाला विकतो आणि जीएसटीत नोंदलेला आहे असं समजा. मसाल्यावर 5 टक्के कर. तो सरकारला भरताना आधी या 19,485 मधून कापून घ्यायचा. सुमारे 3,90,000 रुपयांच्या विक्रीवरचा कर त्यातच भागतो. आयात करून विकणारा व्यापारीही हेच करतो. त्यामुळे "बंदरावर कर भरलाय, तो तुमच्या बिलात वेगळा लावतो," असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. बिलात एकदाच जीएसटी असतो.

आता खरी मेख. पापडावर जीएसटी शून्य आहे, म्हणून फक्त पापड करणाऱ्या गटाला ही वजावट नाही. नोंदणी नसलेल्या गटाला नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांनाही नाही. अशा गटांनी पूर्ण 1,27,735 हीच किंमत धरावी आणि मग इथल्या मशीनशी तुलना करावी. कित्येकदा इथलंच परवडतं, वर दुरुस्तीवालाही जवळ सापडतो.

आणि कागद. आयातीला आयईसी क्रमांक लागतो, हल्ली पॅन क्रमांक हाच तो क्रमांक असतो. बंदरावरच्या 'बिल ऑफ एन्ट्री'वर गटाचं नाव आणि गटाचाच जीएसटी क्रमांक हवा. सोयीसाठी एखाद्या ताईच्या नावावर माल मागवला, तर कर भरूनही गटाला वजावट मिळत नाही. पैसे पाठवण्याआधी एजंटला विचारा, बिल कुणाच्या नावावर काढणार?